कोंबडीचीं पिलें आणि आपली घाई

सात-बाराच्या उताऱ्यावर पिकाची नोंद असते, विहिरीची असते, झाडांचीही असते, कोंबडीची नसते. तिला सारा नाहीं, तिची पाहणी नाहीं, तिचा फेरफार नाहीं. महसूल खात्याच्या कारकुनींत आयुष्याचा मोठा भाग घालविलेल्या माझ्यासारख्या माणसाला या गोष्टीचें पूर्वीं कांहींच वाटत नसे. परंतु नोकरींतून मोकळा होऊन घरच्या परसांत लक्ष घालूं लागल्यावर ध्यानांत आलें कीं, ज्याची नोंद नाहीं त्याच्या नुकसानीची चौकशीही कोणी करीत नाहीं. एका कोंबडीखालीं दहा-बारा पिलें निघतात; तीन महिन्यांनीं त्यांतील चार-पांच हिंडतांना दिसतात. मधलीं कोठें गेलीं असें विचारल्यास ‘घारीनें नेलीं’, ‘रोग आला’, ‘दृष्ट लागली’ यांपैकीं एक उत्तर मिळतें व तेवढ्यावर प्रकरण निकालांत निघतें. सरकारी पशुगणनेंत कोंबड्या मोजतात खऱ्या, पण मेलेलीं पिलें तेथेंही मोजलीं जात नाहींत.

घार आहे आणि रोगही आहेत, हें मला नाकारावयाचें नाहीं. तथापि माझें स्पष्ट मत असें आहे कीं, या नुकसानीचा बराच भाग आपल्या घाईचा आहे. कोंबडी आपलीं पिलें ज्या वेळीं व ज्या रीतीनें दूर सारते, त्या वेळेची व रीतीची आपण कदर करीत नाहीं. आईला आपण लौकर काढून घेतों, आणि पोरक्या पिलांना एकदम मोठ्या कळपांत सोडून देतों. या दोन चुकांविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे. मी पशुवैद्य नव्हे. जें सांगणार आहें तें परसांत पाहिलेलें व जाणत्यांना विचारून घेतलेलें आहे.

अंडीं उबविण्यास एकवीस दिवस लागतात हें सर्वांस ठाऊक आहे. पिलूं बाहेर येतें तेव्हां अंड्यांतील बलकाचा उरलेला अंश त्याच्या पोटांत असतो. त्यामुळें पहिले एक-दोन दिवस त्याला दाण्यावांचून चालतें. ऊब मात्र पहिल्या घटकेपासून लागते. त्याच्या अंगावर लव असते, पिसें नसतात. शरीराची उष्णता स्वतः राखण्याचें सामर्थ्य पहिल्या दोन-तीन आठवड्यांत त्याला पुरतें आलेलें नसतें. यंत्रानें उबविलेलीं पिलें वाढविणारे लोक पहिल्या आठवड्यांत दिव्याखालीं सुमारें ९५ अंश फॅरनहाइट उष्णता ठेवतात व पुढें दर आठवड्यास सुमारें पांच अंश उतरवितात. हेंच काम कोंबडी पंखांखालीं बिनखर्चानें करते. पिलूं गारठलें कीं आंत शिरतें व ऊब मिळाली कीं बाहेर येतें. अंश मोजण्याची गरज पडत नाहीं.

ऊब ही एक गोष्ट झाली; शिकवण ही दुसरी. कोंबडी दाणा चोंचींत उचलते, पुन्हां खालीं टाकते व एक विशिष्ट आवाज करते. तो ऐकून पिलें धांवत येतात. किडा कोणता खावा, उकिरडा कसा उकरावा, हें त्यांना अशा रीतीनें समजतें. घारीची सावली पडतांच तिचा आवाज बदलतो आणि पिलें तत्क्षणीं कुंपणाखालीं दडतात. चार आठवड्यांचें पिलूं दाणे टिपूं लागलें म्हणजे तें शहाणें झालें असें आपण समजतों. परंतु त्याची निम्मी शाळा तेव्हां व्हावयाची असते.

आतां कोंबडी पिलांना दूर कशी करते तें पाहावें. पांचव्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास पिलांच्या पाठीवर व पंखांवर पिसें भरतात. त्यानंतर एखाद्या सायंकाळीं ती जमिनीवर पिलें घेऊन न बसतां दांडीवर चढून बसते. पिलें खालीं ओरडतात. कांहीं उडून तिच्या शेजारीं जातात, कांहीं कोपऱ्यांत एकमेकांस बिलगून रात्र काढतात. दिवसा मात्र ती त्यांना घेऊन हिंडतच असते. पुढें दाण्यावर आलेल्या पिलाला ती हलकीशी चोंच मारूं लागते. कांहीं दिवसांनीं जरा जोरानें. तिचा फिका पडलेला तुरा लाल होऊं लागतो, कोंबडा तिच्याभोंवतीं घिरट्या घालतो, आणि एके दिवशीं ती अंडें घालावयास बसते. यास कोणी कोंबडी सहा आठवडे घेते, कोणी आठ. आपल्या गांवरान कोंबड्यांत एखादी तीन महिनेही पिलें सोडीत नाहीं.

शास्त्रज्ञ सांगतात कीं, कोंबडी खुडूक असतांना तिच्या मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथींतून प्रोलॅक्टिन नांवाचा स्राव अधिक होतो व अंडीं घालणें थांबतें. अंड्यांच्या व लहान पिलांच्या सहवासानें हा स्राव टिकतो. तो ओसरला कीं तिचें अंडाशय पुन्हां कामास लागतें. पिलांस पिसें भरणें आणि आईचें मन त्यांच्यावरून उडणें या दोन गोष्टी साधारणतः बरोबर घडतात, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कित्येकांना तिचें चोंच मारणें निर्दयपणाचें वाटतें. गाय मोठ्या झालेल्या वासराला कांसेपाशीं येऊं देत नाहीं, तसेंच हें आहे. निर्दयपणा असलाच तर पिलांना पिसें फुटण्यापूर्वीं आईला उचलून नेण्यांत आहे, आणि तो आपला आहे.

यावर व्यवहारी माणूस म्हणेल कीं, गांवरान कोंबडी मुळांत वर्षाला पन्नास-साठ अंडीं देणार. त्यांत तिनें पिलांमागें दोन-दोन महिने घालविले तर हातीं काय लागणार? चौथ्या आठवड्यास तिला मोकळी केल्यास ती लौकर अंड्यावर येईल. हें म्हणणें खोटें नाहीं. ज्याच्याजवळ मांजर-मुंगूस शिरणार नाहीं अशी कोरडी खोली, दिव्याची ऊब, पिलांचें योग्य खाद्य व दिवसभर लक्ष ठेवणारें माणूस आहे, त्यानें अवश्य तसें करावें. परंतु आपल्यापैकीं किती घरीं ही सोय आहे? हिशेब मांडून पाहूं. चार आठवडे आधीं मोकळी झाल्यानें कोंबडीनें बारा-पंधरा अंडीं अधिक घातलीं असें धरूं. उलट बाजूस दहा पिलांपैकीं तीन अधिक मेलीं, आणि त्यांत दोन तलंगा व एक नर होता असें धरूं. त्या दोन तलंगांनीं पुढें वर्षभरांत शंभर अंडीं घातलीं असतीं व कोंबडा सणाला विकला गेला असता. हे आंकडे मी केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. प्रत्येकानें आपल्या घरचे घालून पाहावे. माझा हिशेब मात्र प्रत्यक्ष नुकसानीचा आहे, तो पुढें देतों.

सन २०२४ च्या श्रावणांत आमच्या घरीं एका तांबड्या कोंबडीनें अकरा पिलें काढलीं. पंचविसाव्या दिवशीं मीं तिला पिलांपासून काढून दुसऱ्या खुराड्यांत कोंडलें; हेतु हा कीं ती लौकर पुन्हां अंड्यावर यावी. पिलें सोळा मोठ्या कोंबड्यांच्या खुराड्यांत सोडलीं. तिसऱ्या रात्रीं पावसाची झड लागली. सकाळीं पाहतों तों पिलें कोपऱ्यांत एकावर एक चढून बसलेलीं आणि तळचीं दोन गुदमरून मेलेलीं. पुढें एका पिलाच्या डोक्यावर मोठ्या तलंगेनें चोंच मारून रक्त काढलें. रक्त दिसतांच इतरही टोंचूं लागल्या, आणि मी सोडवीपर्यंत तें कामांतून गेलें. उरलेल्यांना दाण्याच्या भांड्यापाशीं कोणी येऊं देईना. दोन आठवड्यांत आणखी तीन पिलें सुकून व रक्ताची हगवण लागून मेलीं. अकरांतून पांच राहिलीं.

मी दवाखान्यांत औषध विचारण्यास निघालों तेव्हां घरांतून शब्द आले, ‘अहो, औषध कशाचं विचारता? तिला अजून पोरं नकोशी झाली नव्हती. तुम्हालाच झाली होती.’ त्या वेळीं मला उत्तर सुचलें नाहीं, आणि आजही नाहीं.

दवाखान्यांत मात्र एक गोष्ट कळली. रक्ताची हगवण कॉक्सिडिया नांवाच्या सूक्ष्म जीवांमुळें होते. मोठ्या कोंबड्यांच्या आंतड्यांत ते असूनही त्यांना सहसा बाधत नाहींत. विष्ठेंतून बाहेर पडून ओल्या जागीं ते वाढीस लागतात व तीन ते सहा आठवड्यांच्या पिलांना गांठतात. आईबरोबर मोकळ्या, कोरड्या जमिनीवर हिंडणाऱ्या पिलाशीं त्यांची गांठ थोडीथोडी पडते व अंगांत प्रतिकाराची शक्ति येत जाते. मीं तर पिलांना पावसाळ्यांत, ओल्या खुराड्यांत, सोळा मोठ्या कोंबड्यांच्या विष्ठेवर एकदम नेऊन सोडलें होतें.

येथें दुसरी चूक येते. कोंबड्यांचा कळप म्हणजे नुसता घोळका नव्हे. त्यांत ज्याचा त्याचा मान ठरलेला असतो. थॉर्लेफ श्येल्डरूप-एबे या नॉर्वेच्या संशोधकानें सन १९२१ मध्यें ही गोष्ट पद्धतशीरपणें मांडली. कोणत्या कोंबडीनें कोणाला चोंच मारावी व कोणाची मुकाट्यानें सोसावी याची एक उतरंड असते. ती एकदां बसली कीं रोजचे तंटे थांबतात, नुसती मान उंचावल्यानें काम भागतें. कोंबड्या एकमेकींना मुख्यतः डोकें व तुरा यांवरून ओळखतात. अनोळखी पक्षी आला कीं उतरंड नव्यानें ठरवावी लागते, आणि तिचा सारा भार नवख्यावर पडतो.

आईबरोबर त्याच परसांत वाढलेलें पिलूं नवखें नसतें. लहानपणीं मोठ्या कोंबड्या त्याला फारसें गणतीत नाहींत. कोणी चोंच उगारलीच तर आई अंगावर धांवून जाते. तिच्या आडोशानें हिंडतां हिंडतां, कोणाच्या वाटेस जावें व कोणाच्या जाऊं नये, हें तें शिकतें. आई मागें सरते तेव्हां पिलें उतरंडीच्या तळाशीं असतात, पण ओळखीचीं असतात. भावंडांचा जथा करून राहतात, मोठ्यांचें झाल्यावर खातात, दांडीच्या टोंकाला बसतात. पुढें सहा-सात महिन्यांची होऊन तलंग अंड्यावर आली कीं तिला हळूहळू वरची पायरी मिळूं लागते.

कचेरींत मीं वारसाच्या नोंदी पुष्कळ घातल्या. ज्या घरीं बापानें हातपाय चालत असतांनाच मुलांना बांध दाखविले, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावून दिल्या व शेजाऱ्यांदेखत कोणाचें काय तें सांगितलें, त्या घरच्या तक्रारी क्वचितच आल्या. ज्या घरीं सर्व कांहीं एका दिवसांत मुलांच्या अंगावर पडलें, तेथें बांधावरून डोकीं फुटलेलीं पाहिलीं. पक्ष्यांची व माणसांची तुलना फार ताणूं नये. तरी आधार पायरीपायरीनें काढून घेण्याची रीत दोन्हीकडे हिताची दिसते.

आतां करावें काय, तें थोडक्यांत सांगतों.

पहिली गोष्ट, पिलांच्या पाठीवर पिसें भरून कोंबडी आपण होऊन दांडीवर बसूं लागेपर्यंत तिला हलवूं नये. पावसाळ्यांत व थंडींत आणखी थोडें थांबावें. पिलांना चढतां येईल अशी एक दांडी जमिनीपासून हातभर उंचीवर बांधावी, म्हणजे तीं कोपऱ्यांत ढीग करून बसत नाहींत.

दुसरी गोष्ट, पिलांचें खाणें वेगळें ठेवावें. बांबूचें डालगें उपडें घालून त्याच्या कांहीं काड्या काढाव्या. पिलूं आंत जाईल व मोठी कोंबडी जाणार नाहीं एवढीच वाट ठेवावी. आंत बारीक भरडलेलें खाद्य व पाणी ठेवावें. अंड्यावरील कोंबड्यांचें विकत मिळणारें खाद्य पिलांना घालूं नये. कवच घट्ट व्हावें म्हणून त्यांत कॅल्शियम पुष्कळ असतें व तें वाढत्या पिलांच्या मूत्रपिंडांस अपाय करतें. शिंपल्यांचा चुरा मोठ्या कोंबड्यांसाठीं निराळ्या भांड्यांत ठेवावा.

तिसरी गोष्ट, विकत आणलेल्या पिलांची. वनराज, गिरिराज यांसारख्या सुधारलेल्या जातींच्या कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहींत. त्यांचीं पिलें आईवांचूनच घरीं येतात. अशा पिलांचा आडोसा आपणच व्हावें लागतें. आणल्यावर निदान तीन आठवडे तीं अगदीं वेगळीं ठेवून रोग निघतो कीं काय तें पाहावें. चांगलीं वाढल्यावर परसांतच जाळीचा आडपडदा करून आठ-दहा दिवस दोन्हीकडच्यांना एकमेकांस पाहूं द्यावें, मग पडदा काढावा. पिलें जथ्यानें सोडावींत. एकटें पिलूं कधींही सोडूं नये. दाण्याचीं व पाण्याचीं भांडीं दोन-तीन ठिकाणीं मांडावींत आणि मार खाणाऱ्या पिलाला दडतां यावें म्हणून भिंतीस एखादी फळी तिरपी लावून ठेवावी. ज्याच्या अंगावर रक्त दिसेल त्याला त्याच घटकेस बाजूस काढावें. कोंबड्यांना अंधारांत नीट दिसत नाहीं म्हणून रात्रीं नवीं पिलें दांडीवर नेऊन ठेवण्याची जुनी युक्ति आहे. ती वाईट नाहीं. पण आधीं जाळीआडून ओळख झालेली नसेल तर उजाडल्यावर व्हावयाचा तंटा होतोच.

चवथी गोष्ट, मानमोडीची, म्हणजेच राणीखेत रोगाची लस. पहिल्या आठवड्यांत लासोटा लसीचा थेंब डोळ्यांत किंवा नाकांत घालतात, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी लसीची टोंचणी करतात. ही दुसरी टोंचणी आणि आईपासून सुटण्याची वेळ नेमकीं एकत्र येतात. दोन्ही गोष्टींचा ताण पिलावर एकाच आठवड्यांत पडूं देऊं नये. मध्यें आठ-दहा दिवसांचें अंतर ठेवावें. लसीची एक कुपी शंभर किंवा अधिक पक्ष्यांची असते व विरघळविल्यावर ती थोड्या तासांत संपवावी लागते. दहा पिलांसाठीं ती कोण आणणार? म्हणून वाडीवाडीनें दिवस ठरवून मंडळानें एकत्र टोंचणी करविली तर खर्च वांटला जाईल व लसही वायां जाणार नाहीं.

त्याच तांबड्या कोंबडीनें पुढील खेपेस नऊ पिलें काढलीं. या वेळीं मीं हात आंवरला. नवव्या आठवड्यांत तिनें आपण होऊन पिलें सोडलीं. एक घारीनें नेलें, आठ वाढलीं. एका खेपेवरून सिद्धांत काढणें हें कारकुनालाही शोभणार नाहीं, हें मी जाणतों. म्हणूनच माझी सभासदांस एक विनंति आहे. प्रत्येकानें घरीं एक साधी वही घालावी व तींत चार रकाने आंखावे: पिलें निघालीं तो दिवस व संख्या, आईनें सोडलीं किंवा आपण काढलीं तो दिवस व संख्या, तीन महिन्यांअखेर उरलेलीं, आणि गेलेल्यांचें कारण. वर्षाअखेरच्या सभेंत या वह्या एकत्र मांडल्या तर माझें मत खरें कीं खोटें तें आपल्याच गांवच्या आंकड्यांवरून ठरेल. खोटें ठरल्यास तें मी याच पृष्ठांतून कबूल करीन.

ही वही भरतांना घरांतील स्त्रियांस विचारूनच भरावी. बहुतेक घरीं कोंबड्यांचा पैसा गृहिणीच्या हातीं असतो. मुलाची वही, मीठमिरची, माहेरीं जाण्याचें भाडें हा खर्च त्यांतून निघतो, आणि पिलूं मेलें कीं तोटा तिच्या गांठीचा होतो. ऊंस बुडाला तर आपण पंचनामा मागतों. तिच्या सहा पिलांसाठीं निदान एक ओळ लिहिण्यास हरकत नसावी.

कोंबडें झाकलें म्हणून तांबडें फुटायचें राहत नाहीं, ही म्हण आपण येतां-जातां वापरतों. तिच्या जोडीला एवढें ध्यानांत असूं द्यावें कीं, कोंबडी कोंडली म्हणून पिलूं मोठें होत नाहीं.